एका पेढीचा वारसा : रँसच्या क्लिको घराण्याची हकीकत

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या जुन्या घराण्याचा अगर पेढीचा इतिहास द्यावा असा प्रघात आहे. यंदा ते काम चिटणीसांनी आमच्याकडे सोपविले. आपल्यापैकीच कोणा प्रतिष्ठित व्यापाऱ्याची हकीकत आम्ही लिहून देऊ, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु अशा हकिकती लिहिताना लेखकाची लेखणी नेहमी संकोचते. खरे लिहावे तर कोणाचे तरी वारस दुखावतात आणि गोड लिहावे तर तो इतिहास राहत नाही. म्हणून पुष्कळ विचारांती आम्ही फार दूरच्या, फ्रान्स देशातील एका पेढीचा इतिहास निवडिला आहे. ही पेढी द्राक्षांच्या मद्याची आहे, हे वाचून वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठी पडेल. त्यांच्या समाधानार्थ प्रथमच सांगतो की, आम्ही या पेयास आयुष्यात कधी ओठ लाविलेला नाही, व वाचक बंधुभगिनींनी लावावा असेही आमचे म्हणणे नाही. आमचे लक्ष बाटलीतील द्रवाकडे नसून बाटलीवरील नावाकडे आहे.

ते नाव 'व्हव क्लिको पाँसार्दँ' असे आहे. यातील पहिल्या शब्दाचा फ्रेंच भाषेतील अर्थ 'विधवा' असा होतो. ज्या शब्दासरशी आपल्याकडे कित्येक पिढ्या बाईमाणसास मंगलकार्यातून उठवून माजघरात बसविले जाई, तोच शब्द एक पेढी दोनशेहून अधिक वर्षे आपल्या मालावर ठळक अक्षरांत मिरवीत आहे, हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही चकित झालो. त्या नावामागील मनुष्य कोण, याचा शोध घेता घेता ही सारी हकीकत हाती लागली.

पॅरिसच्या ईशान्येस सुमारे १३० किलोमीटरांवर रँस नावाचे प्राचीन शहर आहे. फ्रान्सच्या राजांना राज्याभिषेक होत असे तो येथील मोठ्या देवालयात. शहराखालची जमीन खडूसारख्या पांढऱ्या, मऊ दगडाची असून रोमन काळापासून लोकांनी बांधकामासाठी तो दगड खणून काढल्यामुळे पोटात प्रचंड पोकळ्या तयार झाल्या आहेत. या पोकळ्यांत उन्हाळा असो वा हिवाळा, हवा सारखीच थंड राहते. मद्याच्या बाटल्या वर्षानुवर्षे ठेवावयास याहून उत्तम कोठार माणसाने बांधू म्हटले तरी बांधता येणार नाही. भोवतालच्या टेकड्यांवर द्राक्षमळे आहेत. या प्रांताचे नाव शाँपान्य. त्यावरूनच तेथील फेसाळ मद्यास शँपेन म्हणतात.

या शहरात फिलिप क्लिको नावाचे कापडाचे मोठे व्यापारी राहत. ते सावकारीही करीत. घरचे काही द्राक्षमळे होते, म्हणून त्यांनी १७७२ साली मद्याची पेढी घातली. तथापि तो त्यांचा जोडधंदा होता. कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर चार पेट्या मद्याच्याही जात, एवढेच. आपल्याकडील किती तरी मोठ्या व्यवसायांचा आरंभ अशाच एखाद्या कोपऱ्यातील जोडधंद्यातून झालेला आहे, हे जाणकारांस सांगावयास नको.

फिलिप यांचे चिरंजीव फ्रान्स्वा. याच शहरातील दुसरे धनाढ्य कापडवाले पाँसार्दँ यांची कन्या बार्ब-निकोल हिच्याशी त्यांचा विवाह १७९८ साली झाला. वधूचा जन्म १७७७ चा, म्हणजे फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला तेव्हा ती अवघी अकरा-बारा वर्षांची होती. क्रांतीच्या काळात उघडपणे धर्मविधी करण्याची सोय उरली नव्हती. म्हणून हे लग्न एका तळघरात उरकण्यात आले असे सांगतात. पुढे जिचे सारे आयुष्य तळघरांत गेले तिचे लग्नही तळघरात लागावे, हा योग खराच मौजेचा. वर्षभरात त्यांना क्लेमाँतीन नावाची मुलगी झाली. तेवढेच अपत्य.

फ्रान्स्वा यांना कापडापेक्षा मद्याच्या धंद्याची हौस अधिक. त्यांनी वडिलांच्या जोडधंद्यास पुढे आणिले, लुई बोन नावाचा एक जर्मन फिरता विक्रेता नेमिला, आणि त्यास जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया असे दूरदूर धाडिले. नवराबायको दोघे मिळून मळ्यांत हिंडत, दोघेही धंदा शिकत. परंतु १८०५ च्या ऑक्टोबरात फ्रान्स्वा तापाने आजारी पडून थोड्याच दिवसांत वारले. मागे सत्तावीस वर्षांची विधवा आणि सहा वर्षांची पोर. एकुलता मुलगा गेल्याने वृद्ध फिलिप पार खचले व त्यांनी पेढी गुंडाळण्याचे ठरविले.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. आमच्या आजोबांच्या भावाचे गुळाचे अडतदुकान होते. ते अकाली गेले तेव्हा आमच्या चुलत आजी पंचविशीच्या आत होत्या. वहीखाते त्यांना उत्तम कळे. ढेप हातात घेऊन त्या वजन सांगत आणि काटा लावला तर फरक पडत नसे. लहानपणी आम्ही पावकी, निमकी, दिडकी त्यांच्याच मांडीवर बसून पाठ केली. पुढे चाळीस वर्षे वर्गात जे गणित शिकविले त्याचा पाया तोच. परंतु गादीवर विधवेने बसावे हे घरात कोणाच्या स्वप्नातही आले नाही. दुकान दिरांकडे गेले, चार वर्षांत बुडाले आणि विकले गेले. आजी त्यानंतर पन्नास वर्षे जगल्या. दुकानाचा विषय निघाला की त्या सुपारी कातरावयास घेत.

बार्ब-निकोल बाई सासऱ्यांकडे गेल्या आणि पेढी आपल्या हाती द्यावी असे त्यांनी मागणे केले. फ्रान्समध्ये तेव्हा स्त्रियांना मोठी मोकळीक होती असे कोणी समजू नये. नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्याने विवाहित स्त्रीस नवऱ्याच्या संमतीवाचून करारही करता येत नसे. अविवाहित मुलगी बापाच्या छायेत, विवाहित स्त्री नवऱ्याच्या छायेत. विधवेस मात्र आपल्या सहीने व्यवहार करता येई. कायद्याच्या या फटीतून बाई आत शिरल्या. सासऱ्यांनी मान्यता दिली, पण एक अट घातली: फूर्नो नावाच्या अनुभवी मद्यव्यापाऱ्याशी भागीदारी करून चार वर्षे उमेदवारी करावी. ही अट आम्हांस फार शहाणपणाची वाटते. 'सून आहे म्हणून देतो' असेही फिलिप म्हणाले नाहीत आणि 'बाई आहे म्हणून देत नाही' असेही म्हणाले नाहीत. 'शीक, मग घे', असे म्हणाले. सासऱ्यांचे भांडवलही त्यांनी या कामी घातले.

ती चार वर्षे वाईट गेली. नेपोलियनची युद्धे चालू होती, बंदरे बंद होती, माल बाहेर पडेना आणि पडला तर वाटेत अडकून खराब होई. १८१० साली भागीदारीची मुदत संपली तेव्हा फूर्नो बाजूस झाले. बाईंनी पेढीवर सासरचे व माहेरचे अशी दोन्ही नावे लाविली आणि त्यापूर्वी 'विधवा' हा शब्द. पुढल्याच वर्षी, १८११ साली, आकाशात मोठा धूमकेतू दिसत होता व त्या वर्षीचे द्राक्षाचे पीक अपूर्व आले. आपल्याकडे धूमकेतू म्हणजे अशुभ. तेथील मळेवाल्यांनी तो शुभ मानिला आणि त्या वर्षीच्या मालास धूमकेतूचा माल हे नाव पडले. कोठारात उत्तम माल आणि गिऱ्हाईक एकही नाही, अशी बाईंची स्थिती होती. सर्वांत मोठे गिऱ्हाईक रशियन. १८१२ मध्ये नेपोलियनने त्याच देशावर स्वारी केली, आणि झारने बाटलीबंद फ्रेंच मद्यास बंदी केली.

१८१४ साली फासे उलटले. नेपोलियनचा पाडाव झाला आणि रशियन फौज रँस शहरात शिरली. शिपायांनी कोठारांत हात घातला. बाईंनी फारसा आकांत केला नाही. आज पिताहेत, उद्या पैसे देतील, अशा अर्थाचे काही त्या म्हणाल्या अशी आख्यायिका आहे. म्हणाल्या असोत वा नसोत, त्यांचे वर्तन तसेच होते. रशियातील बंदी अद्याप उठली नव्हती. ती उठताच सगळे प्रतिस्पर्धी एकदम धावतील हे ओळखून त्यांनी गुपचूप एक डच गलबत भाड्याने घेतले. त्याचे नाव 'झेस खेब्रूडर्स', म्हणजे 'सहा भाऊ'. त्यावर १०,५५० बाटल्या चढवून, सोबत लुई बोन यांना देऊन, ते क्योनिग्सबर्ग बंदराकडे रवाना केले. हे बंदर म्हणजे हल्लीचे रशियातील कालिनिनग्राद. उन्हाळ्याचे दिवस, हेलकावे खाणारे गलबत, बाटल्यांत कोंडलेला वायू. अर्धा माल वाटेतच फुटला असता तर पेढी संपली असती. परंतु माल सुखरूप पोहोचला आणि प्रतिस्पर्ध्यांची जहाजे निघण्यापूर्वी पोहोचला. किनाऱ्यावर गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. बोन यांनी मुद्दाम फारसा उत्साह न दाखविता चढा भाव घेतला. लगोलग दुसरे गलबत सुटले. काही वर्षांतच रशियात क्लिको हा शब्द शँपेनचाच पर्याय होऊन बसला; महाकवी पुश्किन यांच्या 'येव्गेनी ओनेगिन' या काव्यात 'विधवा क्लिको' यांच्या मद्याचा उल्लेख आलेला आहे.

आता मागणी वाढली, आणि नवीच अडचण उभी राहिली. ती समजण्यास शँपेन कशी होते ते थोडक्यात सांगणे भाग आहे. द्राक्षाचा रस एकदा आंबवून साधे मद्य करतात. ते बाटलीत भरताना थोडी साखर व किण्व घालून बूच घट्ट बसवितात. आत पुन्हा आंबण्याची क्रिया सुरू होते, तीतून निघणाऱ्या वायूस बाहेर वाट नसते, म्हणून तो मद्यातच मुरतो. बाटली उघडताच जो फेस उसळतो तो हाच. दाब एवढा की त्या काळच्या कच्च्या काचेच्या बाटल्या तळघरात धडाधड फुटत. एकीच्या स्फोटाने शेजारच्या दहा जात, आणि कामगारांस तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून वावरावे लागे. हे झाले एक. दुसरे असे की, काम संपल्यावर मेलेले किण्व गाळ होऊन तळाशी बसे व मद्य गढूळ दिसे. तो गाळ काढावा कसा? दुसऱ्या बाटलीत ओतून घ्यावे तर वायू उडून जाई. निथळ करावी तर वेळ फार आणि नासाडी फार.

बाईंनी स्वयंपाकघरातील एक मेज तळघरात नेवविले, त्यास भोके पाडविली आणि त्यांत बाटल्या तोंड खाली करून उभ्या केल्या. रोज प्रत्येक बाटलीस थोडा हिसका देऊन किंचित फिरवावयाचे. काही आठवडे असे केल्यावर सगळा गाळ सरकत सरकत बुचावर येऊन बसे. मग बूच झटकन काढावे. आतल्या दाबाने गाळ तेवढा बाहेर फेकला जाई. जितके मद्य सांडले तितके गोड मद्य वरून घालून नवे बूच ठोकावे. मद्य आरशासारखे स्वच्छ, फेस जसाच्या तसा. या युक्तीचे साल १८१६ असे देतात. तळघराचे प्रमुख आंत्वान म्युलर यांचाही तीत मोठा वाटा होता. भोके तिरपी पाडण्याची सुधारणा त्यांचीच म्हणतात. श्रेय कोणाचे किती हा वाद आम्ही सोडवू शकत नाही, परंतु मालकीणबाई आणि कामगारांचा मुकादम एका मेजापाशी उभे राहून बाटल्या उलट्यासुलट्या करीत आहेत, हे चित्र आम्हांस फार आवडते. काही वर्षे ही युक्ती पेढीबाहेर गेली नाही. पुढे ती सर्व शँपेनवाल्यांनी उचलली, आणि आज बहुतेक ठिकाणी बाटल्या फिरविण्याचे काम यंत्रे करीत असली तरी मूळ क्रिया तीच आहे.

धंद्याची भरभराट एवढ्यावर पुरे. ज्यासाठी आम्ही लेखणी उचलली तो भाग आता येतो. एवढी मोठी पेढी बाईंच्या मागे कोणाची?

मुलगी क्लेमाँतीन हिचे लग्न १८१७ साली काउंट लुई द शव्हीन्ये या सरदाराशी झाले. घराणे उंची, पण क्रांतीत मालमत्ता धुऊन गेलेली. जावईबापू देखणे, बोलण्यात चतुर, कविता रचणारे आणि पैसा उधळणारे. त्यांच्या 'रँसच्या कथा' या चावट पद्यकथा प्रसिद्ध आहेत. सासूबाई त्यांची देणी फेडीत, त्यांचे लाडही करीत. पुढे नातीच्या लग्नानंतर बूर्सो येथे त्यांनी राजवाड्यासारखी हवेली बांधली ती या कुटुंबासाठीच. परंतु पेढीच्या किल्ल्या जावयाच्या हाती कधी गेल्या नाहीत. माया आणि व्यवहार यांची दोन खाती त्यांनी निराळी ठेविली होती. या खात्याचे त्या खात्यात जमा होत नसे.

मग शोध सुरू झाला तो नोकरांत. गेओर्ग केस्लर हा जर्मन तरुण १८०७ पासून पेढीवर होता. त्यास बाईंनी भागीदार केले आणि पुढेमागे सर्व त्याच्याकडेच सोपवावे असे काही काळ त्यांच्या मनात होते. पण केस्लर यांच्या नादाने बाई सावकारी आणि कापड यांत शिरल्या व त्यात पोळल्या. केस्लर १८२६ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी जर्मनीत एसलिंगन येथे स्वतःची फेसाळ मद्याची पेढी काढली. ती जर्मनीतील या धंद्याची पहिली पेढी होय. म्हणजे बाईंचा अंदाज माणसाच्या कर्तृत्वाविषयी चुकला नव्हता. चुकला तो त्याला द्यावयाच्या कामाविषयी. बाई चुकत नसत असे लिहिणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे.

दुसरा नोकर एदुआर वेर्ले. हाही जर्मन, वेट्झलर गावचा, १८२१ मध्ये विशीत असताना पेढीवर आला. घराणे नाही, पाठीशी कोणी नाही, भाषाही परकी. सावकारीच्या संकटात पेढी हेलकावू लागली तेव्हा याने धावपळ करून, स्वतःची पुंजीही पणास लावून ती सावरली. बाईंनी सावकारी मिटविली आणि १८३१ मध्ये वेर्ले यांस भागीदार केले. दहा वर्षांनी, १८४१ साली, त्या स्वतः कामातून निवृत्त झाल्या व सारा कारभार त्यांच्याकडे दिला. २९ जुलै १८६६ रोजी बूर्सो येथे त्या वारल्या, तेव्हा वय अठ्ठ्याऐंशी होते. हवेली, जमीनजुमला, पैसा हे सारे रक्ताच्या नातलगांस मिळाले. पेढी वेर्ले यांस मिळाली.

रँसमध्ये त्या वेळी काय कुजबूज झाली असेल याची आपल्यास कल्पना करता येते. कुजबुजीस देश नसतो. परंतु नातलगांच्या वाट्यास काही कमी आले असेही नव्हे. पणती ॲन, पुढे उझेसची डचेस, हिच्या ठायी पणजीचे पाणी उतरले होते. ती शिल्पकार होती, स्त्रियांच्या हक्कांसाठी झटे, आणि १८९८ साली मोटार हाकण्याची परीक्षा उत्तीर्ण होणारी फ्रान्समधील पहिली स्त्री तीच. मोटार भरधाव हाकल्याबद्दल तिला दंडही झाला होता! वेर्ले मात्र रँसचे नगराध्यक्ष झाले आणि बाईंच्या मागे अठरा वर्षे जगले. बाटल्यांवरील पिवळी चिठ्ठी १८७७ मध्ये नोंदविली गेली ती त्यांच्याच अमदानीत. त्यांना मुभा असूनही त्यांनी बाईंचे नाव काढून स्वतःचे लाविले नाही. तथापि एका बाबतीत त्यांनी बाईंचा कित्ता गिरविला नाही: आपल्यामागे पेढी त्यांनी आपल्या मुलास दिली, आणि मग ती त्यांच्याच वंशाच्या सोयऱ्यांकडे जात राहिली.

पुढला इतिहास आम्ही भरभर सांगतो. द्राक्षवेलींच्या मुळांस लागणारी फायलोक्सेरा नामक कीड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शाँपान्यात पोहोचली. अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीची कलमे बांधून मळे पुन्हा उभे करावे लागले. १९१४ साली जर्मन तोफांनी रँसचे देवालय जळाले आणि त्यानंतर शहरावर वर्षानुवर्षे भडिमार होत राहिला. तेव्हा लोक मद्याच्या पेढ्यांच्या तळघरांत राहावयास गेले. त्या पोकळ्यांतून इस्पितळे चालली आणि शाळाही भरल्या. वर तोफा, खाली फळा, भिंतीशी बाटल्यांच्या उतरंडी आणि दिव्याच्या उजेडात पाढे म्हणणारी मुले! आम्ही हे वाचून पुस्तक खाली ठेविले होते. गळक्या पत्र्याखाली वर्ग घेतल्याचा आम्हांस जो अभिमान होता तो त्या दिवशी उतरला.

१९८६ मध्ये पेढी लुई व्हितोंच्या हाती गेली, आणि दुसऱ्याच वर्षी त्यातून एल.व्ही.एम.एच. हा प्रचंड उद्योगसमूह उभा राहिला. आता तेथे ना क्लिको घराण्याचा कोणी मालक आहे, ना वेर्ले घराण्याचा. उद्योगधंद्यांतील कर्तबगार स्त्रियांस बाईंच्या नावे पुरस्कार देण्याची प्रथा १९७२ पासून सुरू आहे.

२०१० साली फिनलंडच्या आलांड बेटांजवळ बाल्टिक समुद्राच्या तळाशी एका जुन्या बुडालेल्या गलबताचा सांगाडा पाणबुड्यांस सापडला. त्यात १६८ बाटल्या होत्या. थंड, काळोख्या पाण्यात त्या सुमारे १७० वर्षे आडव्या पडून होत्या; चिठ्ठ्या केव्हाच विरघळून गेलेल्या. रसायनशास्त्रज्ञांनी आतील मद्य तपासले तेव्हा दर लिटरास १४० ग्रॅमहून अधिक साखर निघाली. हल्लीच्या मद्यात ती दहा ग्रॅमच्या आतबाहेर असते. त्या काळच्या गिऱ्हाइकास गोड लागे, म्हणून गोड घातलेले. कोणती बाटली कोणाची हे बाहेरून काही कळेना. मग बुचे काढून पाहिली, आणि त्यांच्या आतल्या बाजूस डागलेल्या खुणेवरून त्यांतील कित्येक बाटल्या विधवा क्लिको यांच्या कोठारातून निघालेल्या ठरल्या.